भाजीच्या पिशवीचं राजकारण

"भाजी आणायच्या कटकटीतून बाई सुटली, तर तुमच्या पोटात का दुखतंय?" आपल्याच चळवळीतल्या एका मैत्रिणीने अलीकडे एका बैठकीत मला हा प्रश्न केला. विषय निघाला होता मोबाइलवर बोट दाबून घरपोच येणाऱ्या भाजी-किराण्याचा. माझं म्हणणं होतं, की कोपऱ्यावरची भाजीवाली, गल्लीतलं किराणा दुकान, शेजारचं पोळीभाजी केंद्र यांच्याकडूनच रोजची खरेदी करायची, हा स्त्री-चळवळीचा विषय झाला पाहिजे. तिचं म्हणणं, हा तर स्वदेशीवाल्यांचा विषय. शिवाय बाईच्या डोक्यावरचं एक काम उतरत असताना तुम्ही ते पुन्हा तिच्या डोक्यावर का ठेवता? बैठकीत वेळ थोडा होता आणि चहा आला होता. म्हणून उत्तर इथे सविस्तर देते.

जाच भाजी आणण्याचा कधीच नव्हता. ती बाईनेच आणायची, बाईनेच निवडायची, बाईनेच शिजवायची आणि मीठ कमी पडलं तर बाईनेच ऐकून घ्यायचं, याचा जाच होता. केंद्र सरकारने वेळेच्या वापराचं जे सर्वेक्षण केलं, त्यानुसार २०१९ मध्ये घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाची २९९ मिनिटं घालवत होती आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात बाईची मिनिटं झाली २८९ आणि पुरुषाची ८८. मधल्या याच वर्षांत शहरांमध्ये घरपोच सेवा फोफावली. सगळं तिच्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, सर्वेक्षणात खेडीही आहेत. पण आकडे नीट बघा. बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाचीही नऊ वाचली. वाटणी होती तिथेच आहे. पिशवी नवऱ्याच्या हातात द्या, असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो. बाजाराने पिशवीच काढून घेतली आणि नवरा होता तिथेच सोफ्यावर राहिला.

आता त्या पिशवीबद्दल.

मी पुण्यात वस्तीपातळीवर काम करते, एका कौटुंबिक सल्ला केंद्रात. आमच्याकडे पहिल्यांदा येणारी बाई बहुधा हातात भाजीची पिशवी घेऊन येते. सकाळी साडेदहा ते बारा ही तिची वेळ. डबे गेलेले असतात, मुलं शाळेत असतात, आणि "भाजी आणायला जाते" हे एकच वाक्य असं असतं ज्यावर सासू, नवरा, दीर यांपैकी कुणी "कशाला?" असं विचारत नाही. माहेरी जाते म्हटलं तर विचारतात, मैत्रिणीकडे जाते म्हटलं तर विचारतात, दवाखान्यात जाते म्हटलं तर सोबत येतात. आम्हाला समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मुलाखतीसाठी सुरक्षित वातावरण कसं निर्माण करावं यावर अख्खं प्रकरण होतं. त्यात पिशवीचा उल्लेख नव्हता.

ही बाई खुर्चीच्या कडेवर बसते. पिशवी मांडीवर. बोलता बोलता घड्याळाकडे बघत राहते, कारण परत जाताना त्या पिशवीत काहीतरी असायला हवं. आमच्या केंद्राच्या कोपऱ्यावर बसणारी भाजीवाली अशा बायकांसाठी एक मेथीची जुडी आणि थोडे टोमॅटो आधीच बाजूला काढून ठेवते. आम्ही तिला कधी काही सांगितलेलं नाही. तिचं तिलाच कळलं. आमची पत्रकं वाचून आलेल्या बायका मोजक्या. "भाजीवाल्या मावशींनी सांगितलं, तिथे ताई बसतात" असं म्हणत आलेल्या पुष्कळ. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, हेल्पलाइन आहे. पण या सगळ्याच्या आधी बाईला उंबरा ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडायला तिच्याकडे निमित्त लागतं.

ते निमित्तच आता जातं आहे. एका बाईची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिच्या नवऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर अ‍ॅप घेतलं आणि म्हणाला, "उन्हातान्हाचं कशाला जातेस, मी मागवत जाईन." शेजारणींनी त्याचं कौतुक केलं. तो कामावरून ऑर्डर द्यायचा, पोरगा दारात पिशवी ठेवून जायचा, किती बटाटे आणि किती रुपये याचा हिशेब त्याच्या मोबाइलमध्ये. दोन महिन्यांत तिचं बाहेर पडणं थांबलं. आमच्यापर्यंत ती पोचली ती मुलाच्या शाळेतल्या पालकसभेमुळे, आणि तोवर डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं होतं. यात अ‍ॅपचा काय दोष, नवराच वाईट, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण वाईट नवऱ्याला पूर्वी दाराला कुलूप घालावं लागत असे आणि ते चार लोकांना दिसत असे.

दुसरी गोष्ट पैशाची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा पुढचे पंधरा दिवस आमच्या केंद्रात कुणी मारहाणीची तक्रार घेऊन येत नव्हतं. बायका येत होत्या त्या पदरात नोटा बांधून. डाळीच्या डब्यातल्या, देवघराच्या फळीखालच्या, जुन्या साडीच्या घडीतल्या. "घरात सांगता येत नाही, ताई, आता काय करू?" हे पैसे कुठून आले होते? पगारातून कुणी तिला दिले नव्हते. भाजीवाल्या बाईशी घासाघीस करून वाचवलेले दोन, किराणावाल्याकडून सुटे आलेले तीन, आज शेपूऐवजी पालक घेऊन राहिलेले पाच, असे ते वर्षानुवर्षं साठले होते. घरखर्चाचे पैसे रोख हातात येतात आणि हिशेब थोडा सैल राहतो, त्या सैल जागेतच बाईची बचत होते. मुलीची फी, आईचं औषध, एखादीच्या बाबतीत वकिलाची पहिली फी त्यातून निघते. अ‍ॅपमध्ये ही सैल जागा नाही. पैपैचा हिशेब कंपनीला कळतो आणि ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्यालाही कळतो. यूपीआयमुळे व्यवहार पारदर्शक झाले असं म्हणतात. कुणाला पारदर्शक, हेही विचारायला हवं.

हे झालं घेणारीचं. विकणारी कोण आहे?

नवऱ्याने टाकलेली, विधवा, नवरा दारूत बुडालेला, किंवा नवरा चांगला पण कारखाना बंद पडलेला. पन्नाशी उलटलेली, अक्षरओळख नसलेली. तिला कुणी नोकरी देत नाही, कंपनीच्या गोदामात तर नाहीच. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरची चूल विझायची वेळ आली, तेव्हा गिरणगावात ती कुणी पेटती ठेवली? खानावळ चालवणाऱ्या, भाजी-मासळी विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांना घेऊन, आणि १९९३ मध्ये पुण्यात मेधा पुरव-सामंत यांनी छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली ती भाजीवाल्या बायकांपासून. रस्त्यावर चार पाट्या मांडून बसणं हा असा धंदा आहे, ज्यासाठी बाईला कुणाची शिफारस लागत नाही, वयाचा दाखला लागत नाही आणि नवऱ्याची सही लागत नाही.

धंदा सोपा आहे असं मात्र नव्हे. पहाटे तीनला उठून गुलटेकडीचं मार्केट यार्ड गाठायचं. पालेभाजीचा भाव तिथे शेकड्यावर ठरतो, म्हणजे शंभर जुड्यांवर. दोघीतिघींनी मिळून शेकडा घ्यायचा आणि वाटून घ्यायचा. टेम्पोचं भाडं वाटून, हमाली वेगळी. २०१६ मध्ये राज्यात अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते न्याय्यच होतं, पण खरेदीदार म्हणजे फक्त मोठा व्यापारी नसतो, दोन पाट्या उचलणारी ही बाईही असते, हे त्या चर्चेत कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. भांडवल बहुतेकींचं उसनं. सकाळी सावकाराकडून ९०० रुपये घ्यायचे आणि संध्याकाळी १००० परत करायचे, ही पद्धत आजही चालू आहे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ९०० रुपयांवर २५०० रुपये व्याज झालं. केंद्राच्या स्वनिधी योजनेत जून २०२० पासून पथविक्रेत्यांना पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं मिळू लागलं, ऑगस्ट २०२५ मध्ये ती रक्कम १५,००० केली. चांगलं आहे. पण कागद हवेत, आणि कागद असलेल्या बायका आधीच थोड्या बऱ्या स्थितीत असतात.

या बाईशी आपण घासाघीस करतो. मॉलमध्ये छापील किमतीपुढे मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या आपण, पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी तिच्याशी हुज्जत घालतो आणि वर कढीपत्त्याच्या दोन काड्या हक्काने मागतो. तिला "मावशी" म्हणतो. मावशी म्हटलं की पैसे कमी दिले तरी चालतात असा आपल्याकडे समज आहे. गंमत पाहा, मे २०२४ मध्ये ब्लिंकिट या कंपनीने भाजीबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. मुंबईतल्या एका गृहस्थांनी आपल्या आईची तक्रार मांडली, की कोथिंबिरीलाही पैसे पडतात, आणि कंपनीच्या प्रमुखाने ती लगेच मान्य केली. केवढं कौतुक झालं त्याचं! आमच्या भाजीवाल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या, स्वतःच्या दिवसाच्या कमाईतून. त्यांची बातमी झाली नाही.

किराणा दुकानाबद्दल मला थोडं हात राखून बोलायचं आहे. गल्लीतला दुकानदार म्हणजे साधुसंत नव्हे. त्याची बायको दुपारभर गल्ल्यावर बसते, वह्या लिहिते, पुड्या बांधते, आणि दुकान त्याच्या एकट्याच्या नावावर असतं. विचारलं तर "घरचंच आहे की" हे उत्तर. वजनात मारणारे आहेत, पोरीबाळींकडे वाईट नजरेने बघणारेही आहेत. त्यांच्याशी आपलं भांडण आहे आणि राहील. पण भांडायला समोर माणूस आहे. मार्च २०२० ची टाळेबंदी आली, घरकामगार बायकांची कामं एका दिवसात गेली, तेव्हा आमची धान्याची पाकिटं पोचायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे वस्ती जगली ती किराणावाल्याच्या उधारीच्या वहीवर. या वहीत तारण नसतं. "अमकीची सून, बुडवणार नाही" एवढंच असतं.

आणखी एक. वस्तीतली एखादी बाई मसाला करते, पापड लाटते, दिवाळीत चकल्या तळते. तिचा माल पहिल्यांदा ठेवून कोण घेतं? गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, तेव्हा ती चार पाकिटं भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. आज लिज्जतचं नाव घराघरांत आहे. बारकोड, रंगीत वेष्टन, महिनाभराची उधारी आणि अमुक इतका माल एकदम, या अटी घालणाऱ्या साखळी दुकानाच्या दारात त्या सातजणी उभ्या राहिल्या असत्या, तर पापड गच्चीवरच राहिले असते. कोपऱ्यावरचा दुकानदार दहा पाकिटं ठेवतो, "खपली तर पैसे, नाही तर परत" म्हणतो. फार मोठा उपकार नव्हे, पण सुरुवात इथूनच होते. वर्षातून एकदा बचत गटांच्या प्रदर्शनात जाऊन लोणचं घ्यायचं, बायकांबरोबर फोटो काढायचा आणि उरलेले ३६४ दिवस महिन्याचा माल बड्या कंपनीकडून भरायचा, याला मी पाठिंबा म्हणत नाही.

"पण अ‍ॅपवर स्वस्त मिळतं." काही वेळा मिळतं, खरं आहे. काही वेळा पोचवण्याचा आकार, हाताळणीचा आकार धरला की महागही पडतं. पण स्वस्त का मिळतं ते समजून घ्या. गुंतवणूकदारांच्या पैशावर वर्षानुवर्षं तोटा सोसत विकायची ऐपत त्यांच्यात आहे. आमच्या मावशीची ऐपत एका दिवसाची. संध्याकाळी हजार फेडले नाहीत तर उद्या पाटी रिकामी. ही स्पर्धा नव्हे, हा थांबून राहण्याचा खेळ आहे आणि ज्याच्या पोटात जास्त दिवसांचं अन्न तो जिंकणार. पिशवी पोचवणाऱ्या पोरांशी माझं भांडण नाही. ती आपल्याच वस्तीतली पोरं आहेत, पावसात गाडी घसरली तर दंडही तीच भोगतात. त्यांच्या संघटनेला आपण साथ दिली पाहिजे. मात्र भाजीवालीचा धंदा गेला तर ती त्या गाडीवर बसणार आहे का, याचं उत्तर मला कुणी द्यावं.

स्वदेशीवाल्यांचा विषय म्हणणाऱ्या मैत्रिणीला आपलाच इतिहास आठवून देते. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, हातात लाटणं घेऊन. तेल, साखर, रॉकेल हे त्या लढ्याचे विषय. हजारो गृहिणी पहिल्यांदा मोर्चात आल्या त्या कुठे एकमेकींना भेटल्या होत्या? दुकानाच्या रांगेत, बाजारात. रांगेत उभं राहावं अशी माझी इच्छा नाही. पण बायका रोज एकमेकींना भेटतील अशी दुसरी कोणती जागा आपण तयार केली आहे?

आता करायचं काय? नुसतं विकत घेऊन भागणार नाही. ज्या दिवशी महापालिकेची अतिक्रमणविरोधी गाडी येते आणि पाट्या उचलून टाकते, त्या दिवशी आपण गॅलरीतून बघत असतो. पथविक्रेत्यांसाठीचा २०१४ चा कायदा आपल्यापैकी किती जणींनी वाचला आहे? कलम ३ म्हणतं, की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येणार नाही. कलम १९ म्हणतं, की जप्त केलेल्या मालाची यादी देणं बंधनकारक आहे. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत. शहर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के हवेत आणि त्यातल्या एकतृतीयांश बायका. अहमदाबादच्या माणेकचौकातल्या भाजीवाल्या 'सेवा' संघटनेच्या बळावर १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तेव्हा कुठे हे दार किलकिलं झालं. आम्ही आमच्या भागात कलम १९ एका पानावर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आहे. गाडी आली की जवळच्या इमारतीतल्या दोघी खाली येतात आणि यादी मागतात. शिकलेली बाई यादी मागते म्हटल्यावर शिपायाचा आवाज बदलतो. हे बरं लक्षण नव्हे, पण तूर्त उपयोगी आहे.

आणि मुतारी. सकाळी सहा ते रात्री नऊ रस्त्यावर बसणारी बाई दुपारनंतर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. जिथे आहे तिथे पैसे मोजावे लागतात किंवा कुलूप असतं. 'राइट टू पी' मोहीम मुंबईत २०११ मध्ये सुरू झाली. आपापल्या सोसायटीच्या तळमजल्यावरचा संडास, जो वॉचमनसाठी असतो, तो बाहेर बसणाऱ्या मावशीला वापरू द्यावा असा ठराव आणून बघा. कोण कोण विरोध करतं आणि कोणत्या शब्दांत करतं ते लिहून ठेवा. त्यात जात ऐकू येईल.

शेवटी आपल्या संस्थांची बिलं. शिबिराचं जेवण, बैठकीचा नाश्ता, कार्यालयाचा चहा-साखर हे सगळं आपण कुणाकडून घेतो? पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईकडून घ्यायचं म्हटलं की हिशेबनीस म्हणतात, तिच्याकडे पक्कं बिल नाही, निधी देणाऱ्या संस्थेला जीएसटी क्रमांक लागतो. मग जेवण बड्या केटररकडून येतं आणि त्या शिबिरात विषय असतो असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांचं सक्षमीकरण. ज्यांच्या उलाढालीला जीएसटीची नोंदणीच लागू होत नाही, त्यांच्याकडून क्रमांक मागायचा कशाला? छापील व्हाउचरवर नाव, रक्कम, सही किंवा अंगठा, एवढ्यावर लहान खरेदी मान्य करावी, अशी अट आपण पुढच्या प्रत्येक प्रस्तावात घालू या. आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीपुढे हा ठराव मी लेखी दिला आहे. ज्या संस्थांमध्ये अशी पद्धत आधीपासून आहे, त्यांनी आपल्या व्हाउचरचा नमुना संपादक मंडळाकडे पाठवावा, म्हणजे पुढच्या अंकात छापता येईल.